कर्जतला चाक हलवण्याआधी

फ्लॅटच्या बाल्कनीत मातीकाम करणाऱ्या माणसाला कधी ना कधी कर्जतचं स्वप्न पडतंच. चाकाचं पाणी खालच्या मजल्यावर गळतं. भट्टीचं नाव काढलं की सोसायटीची नोटीस येते. वाळत घातलेल्या वाडग्यांना कपड्यांच्या दोरीशी जागेसाठी भांडावं लागतं. अशात डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी लोकल नेरळच्या पुढे जाते, उजवीकडे माथेरानचा डोंगर उभा राहतो, कापणी झालेली खाचरं उन्हात पडलेली दिसतात आणि मनात येतं, इथे एक मोठी पडवी मिळाली तर?

मलाही तसंच वाटलं होतं. आता कर्जत तालुक्यातल्या एका गावात भाड्याच्या घरात माझे तीन पावसाळे झाले. ज्यांच्या मनात हाच विचार घोळतोय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मातीकाम मला जवळून माहीत आहे म्हणून त्यावर जास्त, सुतारकाम, विणकाम आणि बांबूकामावर थोडं. माझं म्हणणं एवढंच की जागा डोंगर बघून ठरवू नका, वर्ष बघून ठरवा. कर्जत-खालापूरचं वर्ष दोन अगदी वेगळ्या हवांमध्ये वाटलेलं आहे आणि आपली कला त्या वाटणीत बसते का, हा पहिला प्रश्न आहे. भाव, स्टेशन, शेजार सगळं त्यानंतर.

आधी पाऊस

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कर्जतला तीन हजारांहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्रावरून आलेले ढग इथे सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि रिकामे होतात. जुलैमध्ये हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. चपला, पुस्तकं, सगळ्याला बुरशी येते.

एप्रिल-मेमध्ये हेच गाव भाजून निघतं. समुद्र दूर राहिला, मधे डोंगर, त्यामुळे अलिबागसारखा संध्याकाळचा वारा इथे पोचत नाही आणि पारा चाळिशी ओलांडतो. एकाच खोलीत, एकाच टेबलावर, तुमचं साहित्य वर्षातून एकदा भिजल्यासारखं असतं आणि एकदा पापडासारखं कोरडं. बहुतेक लोक जागा बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. ते चार महिने इतके सुंदर असतात की त्यांच्यावरून काहीच कळत नाही.

ओल्या हवेत माती का फुटते

पहिल्या जुलैत मी अठरा वाडगे केले. दहा दिवस फळीवर ठेवले. रंग फिकट झाला, हाताला कोरडे लागले, म्हणून भट्टी लावली. तासाभरात आतून मडकं आपटल्यासारखा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. सकाळी झाकण उघडलं तर सात वाडगे शाबूत आणि बाकी सगळी खापरं.

कारण सरळ आहे. माती आजूबाजूच्या हवेइतकीच कोरडी होऊ शकते, त्याहून जास्त नाही. हवेतच नव्वद टक्के ओल असेल तर वरून सुकलेल्या भांड्याच्या पोटात पाणी राहतंच. शंभर अंशांच्या वर त्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सोळा-सतराशे पट जागा मागते. पातळ कडेतून ती निसटते, जाड बुडातून निसटत नाही आणि बूड फोडून बाहेर येते.

भांडं सुकलं का हे हाताला कळत नाही, गालाला कळतं. बूड गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. जुलैत पंधरा दिवसांनीही ते गारच लागतं. तेव्हा उपाय दोन. भट्टीचं झाकण बोटभर उघडं ठेवून तापमान ऐंशी-नव्वद अंशांवर रात्रभर धरायचं आणि मगच वर न्यायचं. किंवा जुन्या कपाटात खाली साठचा पिवळा बल्ब लावून, वर भोकं पाडून वाळवणीचं कपाट करायचं. मी दोन्ही करते आणि तरीही आषाढात मोठी भांडी घडवत नाही.

एप्रिलमधला त्रास उलटा. कप चाकावरून उतरवला आणि चहा घेऊन आलं की कड पांढरी पडलेली असते, बूड मात्र ओलं. कड आधी आकसते, बूड मागे राहतं, आणि मधे चीर. कान जोडलेले कप तर हमखास सांध्यावर उलतात. त्या दिवसांत ओलं गोणपाट आणि वर प्लॅस्टिक, आणि वाळवायला चार दिवस. थोडक्यात, घडवायचे उत्तम महिने ऑक्टोबर ते मार्च. पावसाळा ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या लेपाच्या, चाचण्यांचा, माती मळून मुरत ठेवण्याचा, हाताने करायच्या छोट्या वस्तूंचा.

लाकूड, सूत, बांबू

लाकूडकाम करणाऱ्याने हा हिशेब मनाशी ठेवावा. जुलैच्या हवेत लाकडातली ओल सोळा-अठरा टक्क्यांवर जाऊन बसते, मेमध्ये आठ-नऊवर येते. सागासारखं शांत लाकूडसुद्धा आडव्या रेषांत दर टक्क्याला साधारण ०.२ टक्के हलतं. म्हणजे एक फूट रुंदीची सागाची फळी दोन ऋतूंमधे चार-पाच मिलिमीटर कमीजास्त होते. आंबा आणि बाभूळ त्याहून जास्त. पावसात घट्ट बसवलेलं झाकण उन्हाळ्यात सैल पडणार आणि उन्हाळ्यात बसवलेला खण पावसात उघडणार नाही. म्हणून जुन्या कोकणी घरांच्या दारांत फळ्या चौकटीच्या खाचेत मोकळ्या ठेवलेल्या दिसतात, खिळ्यांनी जखडलेल्या नसतात. लाकूड इथे आणल्यावर निदान एक ऋतू पडवीत रचून ठेवायचं, जमिनीपासून वीतभर वर, कारण वाळवी इथली जुनी रहिवासी आहे. पोलादी हत्यारांना तेलाचा हात दर आठवड्याला.

सुती विणकामाला मात्र पाऊस मानवतो. कापसाचा धागा ओला असताना जास्त मजबूत असतो. दमट मुंबईत कापडगिरण्या फोफावल्या त्याला बंदर आणि पैसा ही मोठी कारणं होती, पण हवाही साथीला होती. जुलैत मागावर ताणा तुटत नाही, मेमध्ये दर वितीला तुटतो. खळ दिलेल्या सुताला बुरशी धरते तेवढी सांभाळायची. नैसर्गिक रंगकाम करणाऱ्यांनी चार महिने ऊन नाही हे धरून चालावं.

बांबूला इथे तोटा नाही, पण तो कधी तोडायचा याला नियम आहे. पावसाळ्यात वाढीच्या बांबूत साखर आणि पिष्ट भरलेलं असतं, भुंगा त्यावर तुटून पडतो आणि सहा महिन्यांत टोपलीखाली पिवळी भुकटी साचते. जाणते लोक दिवाळीनंतर, अंधाऱ्या पंधरवड्यात, तीन वर्षं झालेला बांबू तोडतात आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे आतली साखर धुऊन जाते.

दोन तालुके, दोन स्वभाव

कर्जत आणि खालापूर नकाशावर एकमेकांना चिकटून आहेत, पण एकाच दमात त्यांचं नाव घेणं बरोबर नाही.

कर्जत तालुका उल्हास आणि पेज नद्यांच्या काठचा, भातशेतीचा, लोकलच्या आधारावर जगणारा. नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत ही त्याची दारं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत शंभर किलोमीटर, जलद लोकलने दोन तासांच्या आसपास. आतल्या गावांत, कशेळे-कडावच्या बाजूला, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर फारसं कुणी नसतं.

खालापूर पाताळगंगेच्या खोऱ्यातला. खोपोली, चौक, रसायनी, द्रुतगती मार्ग, गोदामं आणि कारखाने. इथे हवा तितकी स्वच्छ नाही आणि ट्रकांचा आवाज रात्रभर असतो. पण भट्टीची लोखंडी चौकट वेल्ड करून हवी, मोटर रिवाइंड करायची आहे, सिलेंडर हवाय, तर खोपोलीत एका दुपारी काम होतं. कर्जतच्या आतल्या गावात त्याला आठवडा लागतो. लोहारकाम, धातूकाम, काच किंवा गॅसची भट्टी ज्यांना चालवायची आहे त्यांनी शांततेच्या मोहात न पडता खालापूरकडे बघावं असं माझं मत आहे. चाक, माग, बांबू, चित्र यांच्यासाठी कर्जत.

कर्जत-पनवेल रेल्वेमुळे चौक कर्जत आणि पनवेलच्या मधोमध पडतं. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली आपला स्टुडिओ याच पट्ट्यात उभारला. मोकळी जागा हवी आणि मुंबईही हाताशी हवी, हे गणित त्यांचंही होतं.

पाणी

मातीकामाला पाणी लागतं, आणि इथल्या पाण्याची गोष्ट धरणांपासून सुरू होते. टाटांचं खोपोलीचं वीजगृह १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं, वीज तयार करतं आणि खालच्या नद्यांना मिळतं. खोपोलीचं पाताळगंगेला, भिवपुरीचं पेजेकडे. म्हणून या नद्या मेमध्येही वाहत्या असतात आणि कर्जतमध्ये राजनाला कालव्याखालच्या गावांत उन्हाळी भाताचं दुसरं पीक निघतं. एप्रिलच्या उन्हात ती हिरवी खाचरं बघितली की डोळे निवतात.

पण कालव्यापासून तीन-चार किलोमीटर वर, डोंगराच्या उतारावरच्या वाड्यांत, त्याच एप्रिलमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन उतरताना दिसतात. चार महिने धो धो पडलेला पाऊस काळ्या पाषाणावरून वाहून जातो, जिरत नाही. घर बघायला गेलात तर विहीर फेब्रुवारीत बघू नका. मला एका दलालाने हिवाळ्यात भरलेली विहीर दाखवली होती. तीच विहीर मेमध्ये शेजारणीने दाखवली, तेव्हा तळाचे दगड मोजता येत होते. वाचले मी.

उतार आणि पूर

खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून गाडली गेली. झोपेतली माणसं गेली. इथे जागा शोधणाऱ्याने ती वाडी विसरू नये. घराच्या मागे सरळ उभा उतार आहे का, त्यावर अलीकडे झाडं तोडली किंवा रस्त्यासाठी कापणी झाली आहे का, पावसात कुठून पाणी उतरतं, हे गावातल्या वयस्कर माणसाला विचारावं. दुसऱ्या टोकाला नदीकाठ. २००५ आणि २०२१ च्या जुलैत उल्हासचं पाणी वस्तीत शिरलं होतं. भिंतीवर पुराची रेघ दिसते. ती तुमच्या भट्टीच्या उंचीच्या वर असेल तर पुढचं घर बघा.

वीज

भट्टीसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि जागा दाखवणारा याबद्दल कधीच बोलत नाही.

तीन किलोवॅटची छोटी भट्टी १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. सात-साडेसात किलोवॅटची एका फेजवर तीसहून जास्त अँपिअर ओढते, तिला थ्री फेज जोडणी हवी आणि मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. शेतीपंपासाठी गावात थ्री फेज असते, पण ती ठरावीक तासच. भट्टीला सलग दहा-बारा तास लागतात. म्हणून घराला वेगळी थ्री फेज मिळेल का, डीपी (रोहित्र) किती दूर आहे आणि त्यावर किती घरं आहेत, हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारावं.

खरा घोळ दाबाचा असतो. भट्टीतल्या तापणाऱ्या तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर वाटतं थोडं कमी, पण उष्णता दोन तृतीयांशावर येते. भट्टी हजार अंशांपर्यंत जाते आणि तिथेच अडते, मीटर फिरत राहतं, भांडी अर्धकच्ची. संध्याकाळी सगळ्या घरांत पंखे आणि टीव्ही सुरू झाले की दाब पडतो. म्हणून मी भट्टी रात्री दहानंतर लावते. एका भाजणीला चाळीस-पन्नास युनिटं जातात, ती हिशेबात धरावीत. पावसात वादळाने लाइट गेली तर बिस्कचं, म्हणजे ग्लेझ देण्याआधीच्या पहिल्या भाजणीचं, फारसं नुकसान होत नाही, पुन्हा चढवता येते. ग्लेझ वितळण्याच्या शेवटच्या तासात गेली तर जातं ते सगळं.

लाकडाची भट्टी करायचं मनात असेल तर फेब्रुवारी ते मे विसरा. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि वणवा डोंगरावर चढतो. माथेरानभोवतीचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कर्जत-खालापूरची बरीच गावं त्यात किंवा त्याच्या कडेला येतात. तिथे धूर, झाडतोड आणि बांधकाम यांना जास्त कडक नियम आहेत.

सातबारा आणि भाडं

पहिलं वर्ष भाड्याने. हा सल्ला मी कुणालाही हात जोडून देईन. अकरा महिन्यांचा करार मेमध्ये करा, म्हणजे पहिले चार महिने पावसाचे मिळतील आणि तुमचं सगळं साहित्य आपोआप परीक्षेला बसेल. करारात भट्टीचा भार, थ्री फेज जोडणी आणि मातीच्या पाण्याचा निचरा हे स्पष्ट लिहून घ्या.

विकत घ्यायची वेळ आली तर दोन कायदे माहीत हवेत. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सहज घेता येत नाही, ते १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे सरकारी परवानगी लागते. या दोन्ही तालुक्यांत आदिवासींच्या जमिनी भरपूर आहेत. ‘कागद नंतर होतील’ असं म्हणून कोणी स्वस्तात गुंठे दाखवले तर उठून निघा. त्या जमिनीवर कोणाचं पोट आहे याचा विचार कायद्याच्या आधी करावा. सातबारा, फेरफार आणि बिगरशेतीचा आदेश वकिलाला दाखवूनच पुढे जा.

आधीपासून इथे चालणारे हात

आपण कला घेऊन जातोय असं वाटतं, पण कला तिथे आधीच असते. ठाकर घरांत पावसाळ्यात इरली, टोपल्या, मासे धरायच्या खोयऱ्या विणल्या जातात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. या लोकांचं नाव खैराच्या काताशी जोडलेलं आहे. जंगलातला काताचा धंदा गेला, कोळसा पाडण्याचं काम गेलं आणि आज अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, उचल घेतलेली असते ती फेडत राहतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. माती कशी मळायची, ओल किती हवी, वीट कधी उलटायची हे त्यांच्या हातांना जेवढं कळतं तेवढं मला दहा वर्षांत कळलेलं नाही. ते शिकायचं असेल तर दिवसाची पूर्ण मजुरी देऊन शिकावं, आणि विणलेल्या टोपलीचा भाव करू नये.

खोपोलीहून पेण जवळ आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत एक दिवस नक्की घालवा. शाडू गुजरातेतून येतो. त्यांचं वर्ष बघण्यासारखं आहे. एक गणेशोत्सव संपला की पुढच्याची तयारी लागते. घडवणं आणि सुकवणं कोरड्या महिन्यांत उरकतं आणि पावसात रंगकाम आणि आखणी उरते. पिढ्यान्‌पिढ्यांनी याच हवेशी जुळवून घेतलेलं हे वेळापत्रक आहे. मी माझं वर्ष त्यांच्याकडे बघून लावलं.

ज्यांनी आधी जागा निवडली

कलेसाठी प्रदेश बदलणाऱ्यांत दोन जपानी-इंग्रज उदाहरणं मला फार उपयोगी पडली. बर्नार्ड लीच आणि हामादा शोजी या कुंभारांनी १९२० साली इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावात भट्टी बांधली, डोंगरउतारावर चढत जाणारी, जपानी पद्धतीची. पण कॉर्नवॉलच्या त्या टोकाला झाडं विरळ. लाकूड गोळा करणं हाच रोजचा झगडा झाला. हामादा जपानला परतले आणि १९२४ साली माशिको या खेड्यात गेले. तिथली माती भरड, साधी, घरगुती मडक्यांची. त्यांनी चांगली माती बाहेरून न मागवता त्याच मातीला, गावातल्याच दगडाच्या भुकटीला आणि राखेला जमेल तसं काम केलं. १९५५ साली जपानने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला.

आपल्याकडे कृष्णमूर्ती मिरमिरा गांधीविचारातून चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला गेले आणि तिथल्या कुंभारांबरोबर ग्रामोदय संघ उभा केला. जिथे माती आहे आणि माती जाणणारी माणसं आहेत तिथे ते गेले.

गाडी, माल, विक्री

थोडक्यात सांगते. मातीच्या पिशव्या लोकलच्या लगेज डब्यातून आणता-नेता येतात, पण सकाळच्या मुंबईकडच्या गाडीत नाही. खोपोलीच्या गाड्या मोजक्या असतात, एक चुकली की तास-दीड तास गेला. विक्रीसाठी पनवेलमार्गे सीबीडी बेलापूरचं अर्बन हाट सोयीचं, जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईचा काळा घोडा महोत्सव. फार्महाऊसवर येणाऱ्या शहरी लोकांसाठी शनिवार-रविवारचे वर्ग चालतात आणि त्यातून भाडं निघू शकतं. पण वर्गांसाठी म्हणून इथे येऊ नका. पावसाळ्यात धबधब्यांची गर्दी उसळते तेव्हा रस्ते तुंबतात आणि स्वतःचं काम बाजूला पडतं.

इथली माती, इथला तूस

शेवटी ज्यासाठी मी इथे राहिले ते.

कर्जतची माती काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. लोह भरपूर, फुगणारी, आकसणारी. नुसत्या मातीचा वाडगा वाळतानाच चिरतो. त्यात चाळलेली वाळू, भाताचा तूस किंवा कुटलेली खापरं मिसळली तर नऊशे-हजार अंशांवर छान लाल भांडं होतं, कुंडी, पणती, तवा. कामापुरती माती शेतमालकाला विचारून घ्यावी, आणि पेरणीच्या वरच्या थराची नको, बांधाच्या किंवा विहिरीच्या उपशातली. पांढरे चुनखडीचे कण आधी चाळून काढावे लागतात. राहिले तर भाजल्यावर हवेतली ओल पितात, फुगतात आणि आठ दिवसांनी भांड्याच्या अंगावरून टिकली उडते.

एकदा मी या मातीची बोटभर वाटी केली, खाली जुनी बशी ठेवली आणि स्टोनवेअरच्या भट्टीत १२२० अंशांवर भाजली. उघडलं तेव्हा वाटी नव्हती. बशीत काळसर तपकिरी, चकचकीत तळं होतं, काकवी सांडल्यासारखं. भांड्यासाठी ती माती कुचकामी, पण ग्लेझ म्हणून आयती. आता मी तीच माती पाण्यात घोळून, कापडातून गाळून, बाजारच्या स्टोनवेअर मातीच्या कपांवर देते.

मग तूस. कर्जतला भाताच्या संशोधनाचं जुनं केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. ‘कर्जत-३’सारख्या जाती तिथल्याच. गावोगाव भातगिरण्या आहेत आणि मागे तुसाचे ढीग. शंभर किलो भातातून साधारण वीस किलो तूस निघतो, तो जाळला की चारेक किलो राख. त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, म्हणजे काचेचा मूळ पदार्थ. भाताचं रोप ती जमिनीतून पाण्याबरोबर शोषून तुसात साठवतं. जपानी कुंभार शतकानुशतकं याच राखेपासून दुधी पांढरं ग्लेझ करत आले. तुसाची राख, लाकडाची राख आणि फेल्डस्पार, तिन्ही सारखे भाग. राख वस्त्रगाळ करून घ्यावी आणि चाळताना नाकावर चांगला मास्क बांधावा. ही भुकटी फुप्फुसांत साठते, खोकून निघत नाही.

गेल्या श्रावणात मी बारा खापरींवर बारा प्रमाणं लावली. पहिल्या सहा कोरड्या, खडूसारख्या निघाल्या. सातवीवर ग्लेझ धावलं आणि फळीला चिकटलं. आठवीच्या कडेला ते पातळ होऊन तपकिरी झालं होतं, मधल्या जाड थरात सायीसारखं पांढरं, आणि उजेडाकडे तिरपी धरली की निळसर झाक. शिसपेन्सिलीचं अक्षर भट्टीत जळून जातं, म्हणून प्रत्येक खापरीच्या मागे काडी आयर्न ऑक्साइडमध्ये बुडवून लिहावं लागतं. आठवीच्या मागे प्रमाण आहे, गिरणीच्या गावाचं नाव आहे, आणि गिरणीवाल्याने विचारल्यावर सांगितलेली भाताची जात, कर्जत-३.